परिच्छेद क्रमांक तीन

कुलगुरूंच्या पोटात गाठ आहे ही बातमी विद्यापीठात तीनदा आली. पहिल्यांदा कॅन्टीनमधून आली, तेव्हा ती खरी होती. दुसऱ्यांदा ड्रायव्हरकडून आली, तेव्हा तिच्यासोबत गाठीचं मापही आलं. तिसऱ्यांदा ती परिपत्रकातून आली, आणि मग कुठे लोकांचा तिच्यावर विश्वास बसला.

परिपत्रकाचा मजकूर असा, की माननीय कुलगुरू डॉ. वामनराव मोहोड यांच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून सर्व संलग्न महाविद्यालयांनी सदिच्छा व कृतज्ञतेचे संदेश शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत सामान्य प्रशासन विभागाकडे पाठवावेत. विलंबाने प्राप्त झालेल्या सदिच्छांचा विचार केला जाणार नाही.

हे शेवटचं वाक्य सुगत तायड्यांनी मुद्दाम घातलं नव्हतं. परीक्षा अर्जाच्या जुन्या परिपत्रकावरून त्यांनी हे नवं केलं, त्यात ते आपोआप चालत आलं. वर दोन सह्या झाल्या, पण कोणालाच ते खटकलं नाही. विद्यापीठात विलंबानं आलेल्या कशाचाच विचार होत नाही, मग सदिच्छा काय आभाळातून पडल्या?

तायडे सामान्य प्रशासनचे कक्ष अधिकारी. वय एकावन्न, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. दर महिन्याच्या अखेरीला प्रत्येक कक्षाला एक तक्ता द्यावा लागतो, प्रलंबित प्रकरणे किती त्याचा. बाकीचे कक्ष त्यात आकडे भरायचे. तायडे अकरा वर्षं एकच शब्द भरत आले होते : निरंक. त्यांच्या टेबलावर कागद मुक्कामाला राहत नसे. अमरावतीत त्यांच्याइतकं स्वच्छ टेबल फक्त फर्निचरच्या दुकानात पाहायला मिळे.

परिपत्रक निघाल्या दिवशीच वरूडच्या एका प्राचार्यांचा फोन आला.

"तायडे साहेब, नमुना पाठवा ना."

"कशाचा?"

"सदिच्छेचा! मनात तं आहेच हो आमच्या. पन फॉरमॅट चुकला तं तुमीच वापस पाठवान."

हे खरं होतं. तायड्यांनी नमुना केला आणि सगळ्यांना पाठवला. 'माननीय महोदय, आपल्या दूरदृष्टीच्या नेतृत्वाखाली आमच्या (महाविद्यालयाचे नाव) महाविद्यालयाने (येथे प्रगती नमूद करावी) केली असून त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.' शुक्रवारपर्यंत एकशे त्र्याऐंशी संदेश आले. त्यातल्या एकेचाळीस महाविद्यालयांनी 'येथे प्रगती नमूद करावी' एवढीच प्रगती केली होती. एकानं दूरदृष्टीच्या जागी दृष्टिदोष लिहून मग खोडलं होतं. वरूडवाल्यांनी संदेशासोबत संत्र्याच्या चार पेट्या थेट कुलगुरूंच्या अकोल्याच्या घरी पोचवल्या आणि त्याची पोच मागितली.

अचलपूरकडच्या एका महाविद्यालयातून मात्र एकाच ओळीचं पत्र आलं. 'संदर्भीय परिपत्रकान्वये कळविण्यात येते की, आमच्या महाविद्यालयाची माहिती निरंक समजण्यात यावी.' तिथल्या बाबूनं परिपत्रक न वाचता नेहमीचं उत्तर ठोकलं होतं, आणि प्राचार्यांनी ते न वाचता सही केली होती.

तायड्यांनी सगळे संदेश वाचले, जिल्हावार लावले, छिद्रं पाडून फायलीत घातले. वाचताना आपल्याला काहीच होत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, तेव्हा ओठ आपलाच असतो पण दुसऱ्या कोणाचा तरी लावल्यासारखा वाटतो. कॅन्टीनमध्ये बातमी ऐकल्यापासून त्यांचं छातीपासून वरचं सगळं तसं झालं होतं. त्यांनी चहा प्यायला, पण तो गरम होता की गार ते कळलं नाही. मग त्यांनी टाचण्यांचा डबा नीट लावला.

खरं तर विद्यापीठात मोहोड सरांचं कोणी खरोखर देणं लागत असेल, तर ते तायडेच होते. आणि हे त्या दोघांशिवाय तिथे कोणालाही माहीत नव्हतं.

गोष्ट हिवाळी दोन हजार तेराच्या परीक्षेची. मोहोड सर तेव्हा परीक्षा नियंत्रक होते आणि तायडे त्यांच्या हाताखाली वरिष्ठ लिपिक. उत्तरपत्रिका तपासायला जाण्याआधी तिच्यावरचा बैठक क्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक टाकायचा, आणि गुण आले की यादी लावून पुन्हा खरा क्रमांक शोधायचा, अशी रीत. तायड्यांनी वरूडच्या गठ्ठ्याला अचलपूरची यादी लावली आणि अचलपूरच्या गठ्ठ्याला वरूडची. बी.ए. भाग दोन, दोनशे बारा पोरं. वरूडची हुशार पोरगी इतिहासात नापास झाली आणि अचलपूरचा एक जण, ज्यानं पेपरात फक्त देवाला पत्र लिहिलं होतं, तो प्रथम श्रेणीत आला. चूक सापडायला सतरा दिवस लागले. तेवढ्यात त्या प्रथम श्रेणीवाल्याचं लग्नही जमून गेलं. निकाल दुरुस्त झाला, लग्न मात्र दुरुस्त करता आलं नाही.

चौकशी बसली. दोषी कोण, हे समितीनं बैठकीआधीच ठरवलं होतं. तायडे हे नाव लिहायला कोणालाच जड जाणार नव्हतं. आडनाव ऐकलं की काही लोकांची अर्धी चौकशी तिथंच संपते. तायड्यांनी घरी येऊन बायकोला, माया बाईंना सांगितलंही होतं, की नोकरी गेली समजा. आणि मग नियंत्रकांची टिप्पणी आली, हिरव्या शाईत, दीड ओळीची : 'यादी मी तपासून अंतिम केली होती. चूक माझी आहे.' समितीची पंचाईत झाली. मोहोड सरांच्या सेवापुस्तकात ताशेरे गेले. पुढच्या वर्षी कुलगुरूपदाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं, ते ताशेऱ्यांमुळे गळलं. ती खुर्ची त्यांना मिळाली तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती, आणि खुर्चीत बसून तीन वर्षं होतात न होतात तोच गाठ आली.

अकरा वर्षांत या विषयावर दोघांत एक अक्षर निघालं नव्हतं. निघावं असं तायड्यांना रोज वाटे. सकाळी वाटे आणि साडेपाचला विरे. आभार मानायचे म्हणजे आधी कबूल करावं लागणार, की ती टिप्पणी खोटी होती. म्हणजे उपकार करणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं. एवढं धैर्य गोळा होईपर्यंत साडेपाच वाजत.

रविवारी त्यांनी माया बाईंना सांगितलं, की लिहूनच टाकतो.

माया बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "काय लिवता?"

"जे झालं ते. फायलीत."

"पुढच्या महिन्यात उपकुलसचिवाची मुलाखत हाये तुमची. अन् आता तुमी कबूल करून राहिले? अकरा वर्षं काय झोपले होते का?"

"सर आजारी आहेत."

"मंग फोन करा ना बापा. थँक्यू म्हना अन् मोकळे व्हा. कागदावर कावून आणता?"

"थँक्यू तर एकशे त्र्याऐंशी जणांनी म्हटलं."

माया बाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा असन तं पाडा," त्या म्हणाल्या, "पन मंग लंगडत लंगडत माह्याकडे येऊ नका." आणि पुन्हा जुडी उचलली. थोड्या वेळानं, मान वर न करता, "शुद्धलेखन पाहून घ्या," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी तायड्यांनी संदेशांच्या फायलीवर टिप्पणी लिहिली. परिच्छेद एक : एकशे त्र्याऐंशी संदेश प्राप्त, सोबत जोडले आहेत. परिच्छेद दोन : एका महाविद्यालयाची माहिती निरंक, खुलासा मागविण्यात येत आहे. परिच्छेद तीन : 'हिवाळी २०१३ मधील वरूड व अचलपूर येथील निकालाची चूक अधोस्वाक्षरीकर्त्याची होती. तत्कालीन परीक्षा नियंत्रक यांनी ती स्वतःवर घेतली. याबाबत आभार मानावयाचे राहून गेले आहे. मान्यतेस्तव सादर.'

दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहावं ते त्यांना सुचलं नाही. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहिलंच नव्हतं.

फाईल आधी उपकुलसचिवांकडे गेली, मग कुलसचिवांकडे. तायडे खुर्चीत ताठ बसून बोलावण्याची वाट पाहत राहिले. अर्ध्या तासात फाईल परत आली. दोघांनी सह्या केल्या होत्या. कुलसचिवांनी सहीशेजारी 'छान संकलन' असंही लिहिलं होतं. परिच्छेद तीनपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं.

ऑपरेशन होऊन उपचार चालू झाल्यापासून मोहोड सर अकोल्याला जठारपेठेतल्या स्वतःच्या घरी होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुधाजी शिपाई फायलींची कापडी पिशवी घेऊन जीपनं अकोल्याला जाई आणि सह्या घेऊन संध्याकाळी परत येई. मंगळवारी बुधाजी आला तो सरळ तायड्यांच्या टेबलाशीच.

"साहेब, तुमच्या फायलीले लय टाइम लागला बॉ. बाकीच्या वीस फायली धा मिनटात झाल्या. तुमची हातात घेतली अन् मले म्हने, जाय, चहा पिऊन ये."

"मग?"

"मंग काय, मी दोन चहा पेलो."

तायड्यांनी फाईल उघडली. परिच्छेद तीनच्या शेजारी हिरव्या शाईत दोन शब्द होते : 'चर्चा करावी.'

हे दोन शब्द मोहोड सरांचे विद्यापीठभर प्रसिद्ध होते. एका प्राध्यापकाला 'चर्चा करावी'नंतर विभागप्रमुखपद मिळालं होतं, दुसऱ्याला निलंबन. शेजारच्या टेबलावरच्या दामिनी बाईंनी मान लांब करून वाचलं आणि हळहळल्या. "अरे बापरे, तायडे साहेब. मुलाखतीच्या तोंडावर?" तायड्यांनी फाईल मिटली आणि शनिवारची रजा टाकली.

शनिवारी बडनेऱ्याहून त्यांनी अकोल्याची गाडी धरली. वाटेत काय बोलायचं त्याची मनातल्या मनात उजळणी केली. मूर्तिजापूरपर्यंत तीन वाक्यं तयार होती. अकोला येईपर्यंत तिन्ही 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी व्हायला लागली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

दार सरांच्या पत्नीनं, वच्छला बाईंनी उघडलं. "या. तुमीच का तायडे? बसा. संत्रं खा."

"नको मॅडम."

"खा हो. यायले आंबट चालत नाही, अन् घरात चार पेट्या येऊन पडल्या. सदिच्छा म्हने! शेजारीपाजारी आता मले पाहून दार लावून घेतात." त्यांनी दोन संत्री हातात ठेवली आणि आत बोट दाखवलं.

सर पुढच्या खोलीत खाटेवर होते. मार्च निम्मा सरला होता, अकोल्यात रस्त्यावर माणसं सावली धरून चालत होती, आणि सरांनी स्वेटर घातला होता, कानटोपी चढवली होती. अंगावर कपडेच जास्त आणि माणूस कमी होता. तायड्यांना वाटलं, हे पाहून आता काहीतरी होईल. झालं नाही. हातातली संत्री कुठे ठेवावी, एवढाच प्रश्न पडला.

"ये तायडे. बस."

"चर्चा करावी म्हटलं होतं सर."

"मंग कर."

पंखा बंद होता, त्यामुळे घड्याळाचा आवाज येत होता.

"तुह्या त्या निरंकवाल्यानं मले लय हसवलं," सर म्हणाले. "वच्छलाले वाचून दाखवलं. हसता हसता टाके दुखाले लागले. डॉक्टरले काय सांगू, सदिच्छेनं दुखते म्हनून?"

"त्यांना खुलासा मागवतोय सर."

"कावून? एवढ्या लोकांत खरं बोलनारा तो एकटाच." मग त्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तो एकटा, अन् परिच्छेद तीनवाला."

तायड्यांनी संत्री मांडीवर ठेवली.

"तुले काय वाटते, मी तुले वाचवलं?"

"हो सर."

"नाही वाचवलं. तू यादी आणून टेबलावर ठेवली, तेव्हा मी इथं अकोल्याले होतो, वच्छलाच्या भाच्याच्या साक्षगंधात. तिसऱ्या दिवशी आलो अन् एका दमात छत्तीस सह्या ठोकल्या. एकही पान पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं आंधळ्यालेही दिसलं असतं, का वरूडच्या यादीत अचलपूरची पोरं बसून आहेत. तपासासाठीच तं नियंत्रक ठेवतात. मी लिवलं ते खरं लिवलं होतं. चूक माहीच होती. तुह्यावर काई उपकार नाही केला."

तायडे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ज्या माणसानं जन्मात एक कागद न वाचता सही केली नाही, लग्नपत्रिकेतल्याही चुका ज्यानं हिरव्या शाईनं दुरुस्त करून परत पाठवल्या, तो छत्तीस सह्या न पाहता करेल? यादी ठेवली त्या दिवशी खुर्चीत सर होते की नव्हते, हे तायड्यांनी आठवून पाहिलं. टेबल आठवलं. टेबलावरची काच आठवली, काचेखालचं कॅलेंडर आठवलं. खुर्ची काही दिसेना. सर खरं सांगत असतील, तर अकरा वर्षं ज्या ओझ्याखाली आपण वाकून चाललो ते आपलं नव्हतंच. आणि तायड्यांना मोकळं करायला खोटं बोलत असतील, तर हे दुसऱ्यांदा झालं. दोन्हींपैकी काय, हे विचारायची सोय नव्हती.

"मग सर, ते पान काढून टाकू?"

सरांनी डोळे उघडले. क्षणभर ते जुन्या परीक्षा नियंत्रकासारखे दिसले. "पानावर नंबर पडला. फायलीतून पान काढशीन तं मुलाखतीच्या आधी मीच तुले घरी बसवीन."

"मग काय करायचं?"

"रीत काय आहे? चर्चा झाली. आता 'चर्चेनुसार' म्हनून खाली लिही अन् पाठव. मी सही करतो."

"पण चर्चेत ठरलं काय सर?"

"ते तू ठरव. मी आजारी मानूस." त्यांनी कानटोपी खाली ओढली. "घाई नाही." मग थोडं थांबून, "पन लय उशीरही करू नको."

तायडे उठले. आता बोलायचं असेल तर हीच वेळ होती, हे त्यांनाही कळत होतं. "येतो सर," ते म्हणाले. "ये," सर म्हणाले. दाराशी वच्छला बाईंनी पिशवीभर संत्री दिली. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पिशवी त्यांच्या हातात होती.

घरी माया बाईंनी विचारलं, "म्हटलं का?"

"नाही."

"मंग गेल्ते कायले?"

तायड्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

सोमवारी सकाळी त्यांनी लिहिलं : 'मा. कुलगुरू महोदयांशी अकोला येथे समक्ष चर्चा केली. चर्चेनुसार' आणि पेन थांबलं. ज्या शब्दापुढे त्यांनी हजारो वाक्यं डोळे मिटून लिहिली होती, त्या शब्दापुढे ते जेवणाच्या सुटीपर्यंत बसून राहिले. दामिनी बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. तिसऱ्यांदा त्यांनी पाण्याची बाटली आणून ठेवली.

साडेपाचला दहा मिनिटं असताना तायड्यांनी वाक्य पुरं केलं. 'चर्चेनुसार, परिच्छेद तीनमधील चूक दोघांची होती असे समजण्यात यावे. आभार मात्र एकट्याचे आहेत. ते कायम ठेवावेत, ही विनंती.' सही केली, तारीख टाकली. या वेळी फाईल वर गेलीच नाही. चर्चेची फाईल थेट जाते. मंगळवारी सकाळी त्यांनी ती स्वतःच्या हातानं बुधाजीच्या पिशवीत घातली, सगळ्यात वर.

संध्याकाळी बुधाजी आला. या वेळी तो टेबलाशी थांबला नाही. पिशवी ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसला.

"काय म्हणाले?"

"काई नाही. मॅडमनं हात धरला, मंग सही केली. तुमचीच केली एक. बाकीच्या तशाच वापस आनल्या."

तायड्यांनी फाईल उघडली. हिरव्या शाईत 'मान्य' लिहिलं होतं. 'न्य' रेघेच्या खाली घसरला होता. त्याखाली सही होती. सहीखाली तारीख नव्हती.

तारीख नसलेली सही ग्राह्य धरू नये, फाईल परत पाठवून तारीख घ्यावी, असं विद्यापीठाचं परिपत्रक आहे. ते परिपत्रक तायड्यांनीच काढलं होतं, आणि त्याखाली त्यांनी आजवर डीनपासून प्राचार्यांपर्यंत कित्येकांच्या फायली परत धाडल्या होत्या. शुक्रवारी बुधाजी पिशवी भरायला आला. "ते तारखेवाली द्याची का, साहेब?" तायडे नको म्हणाले.

शुक्रवारची पिशवी जशी गेली तशी दुपारीच परत आली. सरांना पहाटे नागपूरला हलवलं होतं. घराला कुलूप होतं, दाराशी संत्र्याची एक पेटी तशीच पडून होती. कुलसचिवांनी तातडीची बैठक घेतली आणि संदेशांचा दुसरा टप्पा राबवायचं ठरलं. "तायडे, पहिला नमुना उत्तम होता," ते म्हणाले. "तोच ठेवा. फक्त कृतज्ञता थोडी वाढवा." तायड्यांनी मान हलवली आणि जागेवर येऊन 'ऋणी आहोत'च्या आधी 'अत्यंत' घातलं.

मग महिनाअखेर आली. तायड्यांनी प्रलंबित प्रकरणांचा तक्ता समोर ओढला. संदेशांची फाईल त्यांच्या वरच्या खणात होती. कपाटात नव्हती, नोंदवहीत निकाली नव्हती. दामिनी बाई तक्ते गोळा करत त्यांच्या टेबलाशी आल्या, त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि थांबल्या.

"साहेब, चुकून आकडा पडला तुमच्याकडून. निरंक लिहायचं होतं ना?"

"नाही," तायडे म्हणाले. "एक आहे."

"कोणतं प्रकरण?"

"तारीख यायची राहिली आहे."

"मग पाठवा ना परत."

तायड्यांनी तक्ता त्यांच्या हातात दिला आणि खणाला चावी लावली.